नाव एक, माणसं तीन

वाचकांचे प्रश्न : जुन्या अमेरिकी घराण्यांच्या वंशावळी

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता सुना, जावई आणि व्याही तिथल्या दोन-तीनशे वर्षं जुन्या घराण्यांतले असतात. नातवंडांची वंशावळ करायला बसलं की एका बाजूला कुलवृत्तान्त असतो आणि दुसऱ्या बाजूला जॉन, विल्यम आणि थॉमस यांची रांग. या वेळच्या बहुतेक पत्रांत अडचण एकच आहे : एकाच नावाची माणसं वेगळी कशी करायची?

प्रश्न : सुनेच्या माहेरचं घराणं व्हर्जिनियातल्या लुनेनबर्ग कौंटीचं. विहीणबाईंच्या वहीत १७५० च्या सुमाराचा एक जॉन आहे. पण त्याच आडनावाचे निदान तीन जॉन त्या कौंटीत दिसतात. आमचा कोणता, हे कसं ठरवायचं? (न्यू जर्सी)

‘आमचा कोणता’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी तिन्ही जॉन एकमेकांपासून सोडवा, मग तुमचा कोणता ते बहुधा आपोआप दिसतं. उलट्या क्रमाने गेलं की आवडलेला प्रत्येक कागद ‘आपल्या’ जॉनच्या नावावर चढतो आणि शेवटी एकाच माणसाला तीन बायका, बावीस मुलं आणि दोन मृत्युपत्रं येतात.

पहिलं काम भूगोलाचं. लुनेनबर्ग १७४६ मध्ये ब्रन्सविकमधून निघाली. तिच्यातून १७५२ मध्ये हॅलिफॅक्स निघाली, १७५४ मध्ये बेडफर्डला तिचा तुकडा गेला आणि १७६५ पासून शार्लट व मेक्लेनबर्ग वेगळ्या झाल्या. माणूस अंगणातून हलला नाही तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत विखुरलेले असू शकतात. म्हणून ‘हा जॉन हॅलिफॅक्सला गेला’ असं लिहिण्याआधी त्याची जमीन हॅलिफॅक्सच्या बाजूलाच पडली नव्हती ना, हे नकाशावर पाहा. १७४६ च्या आधीचं सगळं ब्रन्सविकमध्ये शोधायचं.

मग तक्ता करा. १७३५ ते १७९० या काळातला, या सगळ्या कौंट्यांमधला, त्या नावाचा प्रत्येक कागद : खरेदीखतं, मृत्युपत्रं, करयाद्या, पन्नास शिलिंगांच्या उधारीचे दावेसुद्धा. एका कागदाला एक ओळ. रकाने असे : तारीख, कौंटी, कागदाचा प्रकार, नाव जसं लिहिलंय तसंच (‘सीनियर’, ‘ज्युनियर’ अशा शेपटासकट), ओढा किंवा नदी, एकर, बायको, शेजारी, साक्षीदार, सही की निशाणी. या टप्प्यावर ‘जॉन पहिला’, ‘जॉन दुसरा’ असे आकडे घालायचे नाहीत. एकदा आकडा घातला की पुढचा प्रत्येक कागद त्या चौकटीत बसवायचा मोह होतो.

तक्ता भरला की जमिनीपासून सुरुवात करा. प्रत्येक तुकडा आला कुठून आणि गेला कुठे, याची साखळी लावायची. इथे नवखी माणसं एका ठिकाणी हमखास अडकतात. त्या काळी विक्री बहुधा दोन दस्तांनी व्हायची : पहिल्या दिवशी पाच शिलिंग अशा नाममात्र रकमेचा भाडेपट्टा, दुसऱ्या दिवशी खरी किंमत घालून हक्कसोड. दोन्ही दस्त वहीत लागोपाठ नोंदलेले असतात. ते दोन व्यवहार समजून मोजले की जॉनकडे नसलेले दोनशे एकर येतात. किंमत दुसऱ्या दस्तातली धरायची.

दस्तातली हद्द आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखीच वाचायची, फक्त तिथे दिशा आणि अंतर दोन्ही दिलेलं असतं : ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर ३५ अंश पूर्व १२० पोल, अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत’. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ३२० पोलांचा मैल, १६० चौरस पोलांचा एकर. म्हणजे वरची बाजू १,९८० फुटांची. आलेखाच्या कागदावर सेंटिमीटरला २० पोल धरा, ती बाजू सहा सेंटिमीटर येईल. सगळ्या बाजू काढल्यावर आकृती बंद झाली पाहिजे. बंद झाली नाही, किंवा दस्तात २०० एकर असताना ९० भरले, तर कारकुनाने उतरवताना एखादी बाजू गाळली किंवा उत्तरेच्या जागी दक्षिण लिहिलं, असं समजा आणि त्याच तुकड्याचा आधीचा किंवा नंतरचा दस्त काढा. शेजाऱ्यांचे तुकडेही असेच काढून शेजारी जुळवा. मोजणी होकायंत्राची, त्यामुळे वेगळ्या दशकांतले तुकडे जोडताना आकृती एखाद-दोन अंशांनी फिरवावी लागते. काम किचकट आहे, पण दोन जॉन सहा मैल अंतरावरच्या दोन ओढ्यांवर बसलेले एकदा दिसले की वाद तिथेच मिटतो.

खरेदीचा दस्त नसताना एखादा जॉन जमीन विकताना दिसला तर ती त्याला मिळाली कशी, हे विचारा. १७८५ च्या कायद्याने (अंमल १७८७ पासून) बदल होईपर्यंत व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची जमीन थोरल्या मुलाकडे जायची आणि त्यासाठी कुठलाही दस्त लागत नसे. म्हणजे विकलेल्या तुकड्याचा आधीचा धनी सापडला की बापही सापडण्याची चांगली शक्यता असते. वंशावळीतला सर्वांत भक्कम पुरावा कित्येकदा अशा न लिहिलेल्या दस्तातून मिळतो.

बायकोचं नाव दुसरी खूण. नवऱ्याने जमीन विकली की तिला विधवाहक्क (नवऱ्यामागे त्याच्या जमिनीत मिळणारा वाटा) सोडून द्यावा लागे आणि तिला नवऱ्यापासून वेगळं बोलावून विचारलं जाई. १७५१ ते १७६० या काळात एक जॉन दर वेळी मेरीसह विकतोय आणि दुसरा सारासह, तर दोन गठ्ठे पाडायला हरकत नाही. पण बायकोचं नाव नाही म्हणून तो अविवाहित होता असं म्हणू नका. तिची संमती वेगळ्या तारखेला वेगळ्या पानावर नोंदलेली असू शकते. आणि मेरी १७५५ मध्ये वारून त्याच जॉनने सारा केली असेल, तर दोन बायका म्हणजे दोन जॉन हे गणित चुकतं. दोघींच्या तारखा एकमेकींत मिसळतात का, हे पाहायचं.

तिसरी खूण करयाद्यांची. सोळा वर्षांवरचे सगळे पुरुष आणि सोळावरच्या काळ्या स्त्रिया त्यांत मोजल्या जात. गोरा मुलगा सोळाचा झाला की बापाच्या नावाखाली उमटतो. त्यावरून जन्माचं साल दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात आणता येतं. लुनेनबर्गच्या १७४८ पासूनच्या काही वर्षांच्या याद्या टिकल्या आहेत. एकाच यादीत तेच नाव दोनदा आलं तर बहुधा दोन माणसं. पण दुसरी नोंद मुकादमाच्या हाताखालच्या लांबच्या शेतवाडीची तर नाही ना, ते पाहा. धनी एकच असतो, वाडी दुसऱ्या यादीत जाते.

चौथी खूण फार कमी लोक वापरतात. व्हर्जिनियात ठरावीक वर्षांनी चर्चच्या मंडळाने नेमलेली माणसं शेतांच्या हद्दी पायी फिरून ताज्या करत आणि कोणाच्या हद्दी फिरलो ते लिहून ठेवत. लुनेनबर्गच्या कंबरलँड पॅरिशची (म्हणजे तिथल्या चर्चच्या विभागाची) वही १७४६ पासूनची आहे. कौंटीचे गट पाडलेले असतात. दोन जॉन दोन गटांत आले की एका ओळीत काम झालं.

सहीबद्दल सावध राहा. कौंटीच्या दस्तवहीतली सही कारकुनाच्या हातची असते. निशाणी मात्र तो पुष्कळदा जशीच्या तशी काढायचा. ‘आय’सारखं दिसणारं अक्षर हे जॉनचं ‘जे’ असतं, कारण दोन्ही अक्षरं तेव्हा एकसारखीच काढत. खऱ्या सह्या सुट्या कागदांवर : विवाह-हमीपत्रं, अर्ज, वारसाच्या फायली. सही करणारा माणूस मरणशय्येवर निशाणी करू शकतो. जन्मभर निशाणी करणारा म्हातारपणी झोकदार सही करू लागला, तर तो दुसराच कोणी.

मालमत्तेच्या याद्यांत गुलाम केलेल्या माणसांची नावं असतात. ती वाचताना जीव कसानुसा होतो, तरी वगळू नका. एका मृत्युपत्रात मुलीला दिलेली तीच नावं वीस वर्षांनी जावयाच्या यादीत दिसतात आणि कोणता जॉन कोणाचा जावई हे कळतं. त्या माणसांच्या वंशजांना तर त्यांच्या पूर्वजांचा दुसरा मागमूस अनेकदा नसतोच. म्हणून नावं पूर्ण उतरवून घ्या.

साक्षीदारांबद्दल एक समजूत सर्रास सांगितली जाते : एक साक्षीदार नवऱ्याकडचा, एक बायकोकडचा. असा कायदा नव्हता. साक्षीदार म्हणजे त्या दिवशी तिथे असलेला माणूस. पण तीच तीन नावं एका जॉनच्या पाच दस्तांवर आली आणि दुसऱ्याच्या एकाही नाही, तर ती ओळख पटवणारी खूण आहे.

एवढं करूनही दहा-पंधरा कागद कुठेच बसणार नाहीत. त्यांना ‘अनिर्णित’ असा रकाना ठेवा आणि तिथेच राहू द्या.

प्रश्न : मॅसॅच्युसेट्सच्या गावनोंदीत एकाच गावात ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ आहेत. त्यांना बाप-लेक धरून मी पिढी लावली. आता ज्युनियरचा जन्म सीनियरच्या जन्मानंतर तेरा वर्षांनीच येतोय. (बॉस्टन)

पिढी मोडा. सतराव्या-अठराव्या शतकात सीनियर म्हणजे गावातला त्या नावाचा थोरला आणि ज्युनियर म्हणजे धाकटा, इतकंच. ते काका-पुतणे असतील, चुलतभाऊ असतील, किंवा एकमेकांचे कोणीच नसतील. प्लिमथ वसाहतीतल्या मार्शफील्डला दोन जोसाया विन्स्लो होते. थोरला १६७४ मध्ये वारला, धाकटा वसाहतीचा गव्हर्नर झाला आणि १६८० मध्ये वारला. धाकटा हा थोरल्याचा पुतण्या. त्याचे वडील म्हणजे १६२० मध्ये वसाहतवाल्यांच्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरून आलेले एडवर्ड विन्स्लो. निव्वळ शेपटावरून पिढी लावली तर गव्हर्नरांचे वडीलच बदलतात.

दुसरी अडचण म्हणजे शेपूट जन्मभराचं नसतं. थोरला वारला किंवा गाव सोडून गेला की ज्युनियर सीनियर होतो, तिसरा दुसरा होतो. म्हणून तक्त्यात शेपटाबरोबर तारीख हवीच, आणि गावातल्या त्या नावाच्या प्रत्येक मृत्यूपाशी एक आडवी रेघ. रेघेच्या वरचा ज्युनियर आणि खालचा सीनियर एकच असू शकतो. बॉस्टनच्या अ‍ॅडम्स घराण्यात बाप सॅम्युअल (१६८९–१७४८), स्वातंत्र्यलढ्यातला सॅम्युअल (१७२२–१८०३) आणि त्याचा डॉक्टर मुलगा सॅम्युअल (१७५१–१७८८) अशा तीन पिढ्या आहेत. १७४८ च्या आधी आणि नंतर मधल्या सॅम्युअलची जागा वेगळी. याच घरात आणखी एक पेच आहे : डॉक्टरच्या आधी, १७५० मध्ये, एक सॅम्युअल जन्मला आणि काही दिवसांतच गेला. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवणं तेव्हा सर्रास होतं. जन्मनोंद सापडली म्हणून हुरळून जाऊ नका. त्याच आईबापांना त्याच नावाचं दुसरं मूल पुढे झालं का, ते किमान दहा वर्षं पुढे वाचा.

पदव्यांचा उपयोग करा. सैन्यातल्या एन्साइन, लेफ्टनंट, कॅप्टन किंवा चर्चमधला डीकन या पायऱ्या माणूस चढतो, सहसा उतरत नाही. १७१५ मध्ये कॅप्टन म्हटलेला माणूस १७१८ मध्ये नुसताच ‘येओमन’ (स्वतःची जमीन कसणारा शेतकरी) म्हणून आला तर तो बहुधा दुसरा. मधलं नाव शोधू नका : इंग्रज घरांत ते अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विरळाच. १६८० च्या जॉनला कोणी मधलं नाव लावलं असेल तर ती नोंद कुठून आली, हे आधी विचारा.

प्रश्न : कनेक्टिकटच्या एका थॉमसला २ एप्रिल १७२० ला एक मूल आणि १८ फेब्रुवारी १७२० ला दुसरं. म्हणजे थॉमस दोन होते ना? (पुणे, मुलगी हार्टफर्डला)

नाही, कॅलेंडर दोन होती. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. तुमचा फेब्रुवारी १७२० हा एप्रिल १७२० च्या नंतर येतो. आजच्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७२१. साडेदहा महिन्यांचं अंतर, आई एक, बाप एक. काळजीपूर्वक लिहिणारे कारकून ‘१७२०/२१’ असं जोडसाल लिहीत. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म घरच्या बायबलात ११ फेब्रुवारी १७३१/३२ असा आहे आणि आपण २२ फेब्रुवारी १७३२ पाळतो. सप्टेंबर १७५२ मध्ये नवं (ग्रेगोरियन) कॅलेंडर आलं तेव्हा दोन तारखेनंतर थेट चौदा तारीख आली, ते अकरा दिवस त्यात मिळवलेले आहेत.

मूळ नोंदीत साल जसं आहे तसंच उतरवा आणि बदललेलं साल वेगळ्या रकान्यात लिहा. आधीच कोणी बदलून लिहिलेली तारीख पुन्हा एक वर्षाने पुढे ढकलणं, ही छापील आणि ऑनलाइन वंशावळींतली नेहमीची चूक. महिने आकड्यांत असतील तर पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी. क्वेकर पंथाचे लोक १७५२ नंतर जानेवारीला पहिला म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या भागात डच अंमल असताना, म्हणजे १६६४ पर्यंत, नवंच कॅलेंडर चालत होतं.

खरोखर पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं आली आणि दोन्ही नोंदी मूळ वहीत तपासून झाल्या, तर मात्र बाप दोन. नोंद जन्माची आहे की बाप्तिस्म्याची तेवढं पाहा. काही कुटुंबं चार मुलांचा बाप्तिस्मा एका रविवारी उरकत.

प्रश्न : जावयाच्या घराण्याच्या जुन्या छापील ग्रंथात मेफ्लॉवरवरच्या विल्यम व्हाइटची बायको सुसाना ही त्याच जहाजावरच्या डॉक्टर फुलरची बहीण म्हटली आहे. नव्या यादीत जॅक्सन दिसतं. कोणतं घ्यावं? (शिकागो)

जॅक्सन. जुनं मत हॉलंडमधल्या लायडनच्या १६१२ च्या विवाहनोंदीवर उभं होतं : विल्यम व्हाइट आणि अ‍ॅना फुलर. अ‍ॅनाची सुसाना झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच छापलं गेलं. पण मेफ्लॉवरवरचा विल्यम २१ फेब्रुवारी १६२१ ला प्लिमथला वारला आणि लायडनमधले विल्यम व्हाइट त्यानंतरच्या कागदांतही हयात आहेत. मेलेला माणूस लायडनला कागद करत नाही. नाव एक, व्यवसाय वेगळा, गाव वेगळं. सुसानाचं माहेर पुढे इंग्लंडमधल्या कागदांतून जॅक्सन ठरलं. तिचा दुसरा नवरा एडवर्ड विन्स्लो याने १६२३ मध्ये रॉबर्ट जॅक्सन याला ‘अंकल’ म्हणून लिहिलेलं पत्र त्यातला एक दुवा. जुळणारं लग्न सापडलं की त्या नावाचा नवरा नंतर दुसरीकडे कुठे जिवंत दिसतो का, हे आधी तपासायचं.

प्रश्न : मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ जॉन’ला जमीन दिली आहे. पण त्या माणसाला मुलगीच नव्हती! (डॅलस)

मग तो सावत्र मुलगा. त्या काळी हा शब्द जावई आणि बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा, दोघांनाही चालायचा. तुमच्या बाबतीत फायदाच झाला : जॉनची आई विधवा होऊन या घरात आली, म्हणजे तिच्या आधीच्या नवऱ्याचं नाव शोधायचं. ‘कझिन’ हा बहुधा पुतण्या किंवा भाचा, ‘नेफ्यू’ क्वचित नातू, ‘ब्रदर’ मेहुणा किंवा चर्चमधला सोबती. ‘इन्फंट’ म्हणजे एकवीस वर्षांखालचा कोणीही, ‘ऑर्फन’ म्हणजे बाप वारलेला, आई असली तरी. आणि ‘माय नाउ वाइफ’ वाचून आधीची बायको शोधायला धावू नका. वकिलाला एवढंच म्हणायचं असतं की देणगी हिला आहे, पुढे केली तर तिला नाही.

वय ठरवायला कोर्टाच्या वहीतलं ‘पालक निवडला’ उपयोगी पडतं : चौदा पूर्ण, एकवीस नाही. जमीन विकायला एकवीस लागत. दोन जॉनपैकी एक १७६१ मध्ये पालक निवडतोय आणि दुसरा १७६० मध्ये जमीन विकतोय, तर दोघे एक नव्हेत.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरात पाच भाऊ आणि पाचही योहान! ही नोंदणीची चूक का? (फिलाडेल्फिया)

चूक नाही. योहान हे बाप्तिस्म्याचं पुढचं नाव, हाक मारायचं नाव त्याच्यामागे. योहान गेऑर्ग हा आयुष्यभर गेऑर्ग, योहान हाइनरिख हा हाइनरिख. पुढे इंग्रज कारकुनाने त्यांना जॉर्ज आणि हेन्री केलं. एकटं ‘योहानेस’ असेल तर तो मात्र खरा जॉन. इंग्रजी कागदातला ‘जॉन’ शोधताना योहान गेऑर्गला पकडलं की सगळी ओळ चुकते. आडनावंही बदलतात : म्यूलरचा मिलर, श्नायडरचा स्नायडर किंवा भाषांतर होऊन टेलर, त्सिमरमानचा कार्पेंटर. एकाच माणसाचा एक भाऊ स्नायडर आणि दुसरा टेलर असू शकतो.

या लोकांच्या बाबतीत एक सोय आहे. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरलेल्या सोळा वर्षांवरच्या परदेशी पुरुषांना निष्ठेची शपथ घ्यावी लागे. जहाजाच्या कप्तानाची यादी, शपथेची यादी आणि दुसऱ्या एका शपथेची यादी अशा तीनपर्यंत याद्या एका जहाजाच्या मिळतात. कप्तानाच्या यादीतली नावं ऐकून लिहिलेली, म्हणून वेडीवाकडी. शपथेच्या याद्यांवर माणसांच्या स्वतःच्या सह्या. त्यांच्या छायाप्रती १९३४ मध्ये छापल्या गेल्या आहेत. चर्चच्या वहीतल्या किंवा मूळ मृत्युपत्रावरच्या सहीशी ताडून पाहा : जर्मन वळणाचं ‘एच’ किंवा ‘श’ची जोडाक्षरं माणूस सहजी बदलत नाही. नावापुढे कंसात खूण असेल तर नाव कारकुनाच्या हातचं आहे, तुलना करू नका. बाप्तिस्म्याचे साक्षीदारही उतरवा, कारण मुलाचं हाक मारायचं नाव बहुधा त्यांच्यापैकी एकाचं असतं.

प्रश्न : सुनेला डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन या, स्वातंत्र्ययुद्धातल्या माणसांच्या वंशज स्त्रियांच्या संस्थेचं सभासदत्व घ्यायचं आहे. पूर्वजाच्या नावाचे चार सैनिक सापडले. (अटलांटा)

नाव आणि राज्य जुळलं म्हणून सैनिक आपला झाला, असं धरून एकेकाळी अर्ज मंजूर झालेले आहेत. जुना मंजूर अर्ज आज पुरेसा धरला जाईलच असं नाही. हजेरीपटांवरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि पुढे जी कार्डं तयार झाली, त्यांत एकाच नावाच्या दोघांची कार्डं एका पाकिटात गेलेली आहेत आणि एकाची दोन पाकिटंही आहेत. कार्डावरची रेजिमेंट, कंपनीचा कॅप्टन आणि महिना पाहून पाकिटातली कार्डं स्वतः वेगळी करा.

खरा आधार पेन्शनच्या फायलींचा. १८१८ चा कायदा कॉन्टिनेंटल (म्हणजे सगळ्या वसाहतींच्या मिळून उभ्या केलेल्या) सैन्यातल्या गरजूंसाठी होता, आणि १८२० नंतर त्यांना घरातल्या भांड्याकुंड्यांची यादी द्यावी लागे, तीत घरची माणसं वयासकट येतात. ७ जून १८३२ चा कायदा मिलिशियालाही (गावोगावच्या नागरिकांच्या सैन्यालाही) लागू झाला, सहा महिन्यांची सेवा पुरे. त्यासाठी म्हाताऱ्याला कोर्टात शपथेवर सांगावं लागे : जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद आहे का, बोलावणं आलं तेव्हा कुठे राहत होता, तेव्हापासून कुठे कुठे राहिला, स्वेच्छेने गेला की दुसऱ्याच्या बदली, अधिकारी कोण, आणि ओळख देणारे शेजारी कोण. चार सैनिक वेगळे करायला यापेक्षा चांगली प्रश्नावली कोणी काढू शकलं नसतं. १८३६ पासूनच्या विधवांच्या फायलीत तर लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची फाडून पाठवलेली पानं सापडतात. नाकारलेले अर्जही वाचा. पेन्शन नाकारली तरी माहिती तीच असते.

पूर्वज १८१८ च्या आधी वारला असेल आणि विधवाही मागे नसेल तर फाइल बहुधा नाही. १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला लागलेल्या आगीत त्याआधीचे अर्ज जळाले. तेव्हा वर सांगितलेली जमीन आणि करयाद्यांची वाट धरायची आणि कॅप्टन कोणत्या ओढ्याकाठचा होता ते पाहायचं. मिलिशियाची कंपनी शेजारपाजारच्या माणसांचीच असे.

प्रश्न : डीएनए चाचणीने हा प्रश्न सुटणार नाही का? (सॅन होजे)

दोन्ही जॉन एकमेकांचे कोणी नसतील तर वाय-डीएनएने, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या डीएनएच्या चाचणीने, लख्ख सुटतो. ते चुलतभाऊ असतील तर दोघांचा वाय एकच, आणि चाचणी बहुधा काहीच सांगत नाही. बापाकडून मुलाकडे अखंड पुरुषपरंपरेने आलेला वंशज दोन्ही बाजूंनी हवा, प्रत्येक बाजूचे निदान दोन, वेगवेगळ्या मुलांपासून आलेले. ३७ खुणांची चाचणी या कामाला अपुरी पडते. १११ खुणांची किंवा त्याहून खोल घ्या.

सगळ्याच पूर्वजांचा डीएनए पाहणाऱ्या सर्वसाधारण चाचणीवर १७५० च्या माणसासाठी भिस्त ठेवू नका. सात पिढ्या मागेच १२८ पूर्वज असतात, १७५० चा माणूस बहुधा त्याहूनही मागचा, आणि अशा एकाचा मोजता येईल असा तुकडा तुमच्या नातवात उतरला असेलच असं नाही. शिवाय जुन्या वसाहतीत चार घराणी आपापसांत लग्नं करत राहिली. जुळलेला तुकडा जॉनकडून आला की त्याच्या शेजाऱ्याच्या मुलीकडून, हे कागदाशिवाय कळत नाही.

प्रश्न : फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावरच्या सामायिक झाडावर कोणीतरी आमचा जॉन दुसऱ्या जॉनमध्ये मिसळला. (टोरांटो)

आधी बदलांची नोंद उघडा. मिसळण्याआधीची स्थिती तिथून परत आणता येते, पण त्यानंतर कोणी फारसे बदल केले नसतील तरच. बदल झाले असतील तर नवीन व्यक्ती तयार करा आणि एकेक आधार तिकडे हलवा, घाऊक नको. दोन्ही व्यक्तींच्या टिपणात ठळक लिहा : ‘मिसळू नये. हा १७५८ मध्ये वारला, तो १७६४ च्या करयादीत आहे’. मिसळणारा बहुधा सूचनेवर टिचकी मारणारा असतो, द्वाड नसतो. कारण समोर दिसलं की थांबतो. तुमचं मूळ काम मात्र स्वतःच्या संगणकावर ठेवा.

त्याच संकेतस्थळावर हस्तलिखित दस्तांचा पूर्ण मजकूर शोधायची सोय आली आहे. तिथे जॉनचं नाव घालून काही उपयोग नाही, हजारो येतील. त्याच्या शेजाऱ्याचं अडनिडं आडनाव आणि ओढ्याचं नाव घाला. आणि सापडलेलं पान यंत्राने वाचलेलं न घेता मूळ छायाचित्रात स्वतः वाचा, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पानही.